दातांच्या डॉक्टरची चार मिनिटं

तो ब्रिटिश टीव्हीवरचा विनोदवीर होता, स्वतःचे कार्यक्रम स्वतःच लिहायचा, आणि माझ्या मते त्याला दोन्हीतलं काही येत नव्हतं. हे मत ऐकीव नाही. त्याचे झाडून सगळे भाग मी पाहिले आहेत, तेही थांबवून, मागे नेऊन, पुन्हा पुन्हा. तेवढ्या बारकाईनं त्याच्या आईनंही पाहिले नसतील. माझी नोकरीच ती होती.

ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. कतारच्या पश्चिम किनाऱ्यावर, दोह्यापासून गाडीनं तासाभरावर, एका तेल कंपनीची वसाहत होती. इंग्रजांचे बंगले समुद्राकडे, आमच्यासारख्या हिंदुस्थानी स्टाफची घरं मधे, आणि बायकामुलांना गावी ठेवून आलेल्या फिटर-वेल्डर-ड्रायव्हरांच्या बराकी पार मागे, गॅसचा वास यायचा त्या बाजूला. टीव्हीची वायर मात्र सगळ्यांकडे एकच जायची. संध्याकाळी सहा ते दहा कंपनीची स्वतःची वाहिनी चालायची, आणि ती चालवणारा मी.

लंडनहून विमानानं कॅसेटी यायच्या, वहीएवढ्या जाडजूड. माझ्या खोलीत दोन मशीनं होती. एकात मूळ कॅसेट, दुसऱ्यात कोरी. मूळ चालू करायची, कोरीवर उतरवून घ्यायची, आणि दाखवू नये असं काही आलं की दुसरं मशीन थांबवायचं. काय दाखवू नये याची यादी साहेबानं टाइप करून भिंतीला चिकटवली होती. साहेब म्हणजे करमणूक खात्याचा इंग्रज प्रमुख, माझा वरिष्ठ. दारू, डुक्कर, चुंबन, उघडं अंग, कोणत्याही धर्माची टवाळी. एवढंच. यादीबाहेरचं काही कापायचं नाही आणि यादीतलं काही सोडायचं नाही, असं त्यानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. माझ्या आधीचा माणूस एक लग्नातलं चुंबन विसरला, तो पंधरा दिवसांत घरी गेला होता. पुण्यात मी ज्या फिल्म लॅबमध्ये होतो ती केव्हाच बंद पडली होती, त्यामुळे मला घरी जाऊन करण्यासारखं काही नव्हतं.

तर या महाशयांचा कार्यक्रम दर गुरुवारी लागायचा. अर्धा तास. त्यात तो शिडीवरून पडायचा, बादलीत पाय घालायचा, बायकोच्या आईला घाबरायचा. आणि प्रत्येक भागात चार मिनिटांचा एक तुकडा ठरलेला असायचा. तोंडाला तपकिरी रंग फासून, डोक्याला टॉवेलासारखं काहीतरी गुंडाळून हा इंडियन दातांचा डॉक्टर व्हायचा. मान डुगडुगवायची, चमत्कारिक इंग्रजी बोलायचं, चुकीचा दात उपटायचा आणि वर पेशंटचंच अभिनंदन करायचं. झालं. दर आठवड्याला दात वेगळा, विनोद तोच. मागून लोक हसून हसून मरत असल्याचे आवाज यायचे. ते लोक खरंच तिथे बसले होते की तेही कॅसेटीतूनच आणले होते, देव जाणे.

मी पहिला भाग उतरवत होतो तेव्हा माझी मुलगी नऊ वर्षांची होती. कंपनीच्या शाळेत, वर्गात बाकी सगळी इंग्रजांची पोरं. तो डॉक्टर मान हलवायला लागला आणि मला गुरुवारची संध्याकाळ दिसलीच नाही, दिसली ती शनिवारची सकाळ. शुक्रवारची सुट्टी संपवून आलेली ती गोरी, लालबुंद पोरं आणि त्यांच्या मधे माझी पोर. यादीत हिंदुस्थानी माणसाबद्दल एक शब्द नव्हता. मी दुसरं मशीन थांबवलं.

तेव्हापासून दोन वर्षं दर गुरुवारी थांबवत राहिलो. उरलेल्या चार मिनिटांत समुद्रातल्या माशांची एक फिल्म लावायचो. साहेबाला वाटायचं कॅसेटीच आखूड येतात, आणि तो लंडनला तक्रारीची पत्रं लिहायचा. कुणी मूळ कॅसेट लावून पाहिली असती तर मी दुसऱ्या दिवशी विमानात असतो. भीती वाटायची, खोटं कशाला बोलू. पण पोरीनं दोन वर्षांत शाळेतून येऊन एकदाही कुणी चिडवल्याची तक्रार केली नाही. हळूहळू ती अबोल झाली होती, मराठीत विचारलं तरी इंग्रजीत एका शब्दात उत्तर द्यायची, पण या वयात मुली होतातच तशा, असं बायको म्हणायची. तक्रार नाही म्हणजे बाप जिंकला, असा माझा हिशेब होता.

या सगळ्याचा एक परिणाम मला आधी कळला नाही. आमच्या लोकांना तो माणूस आवडायला लागला. आमचं मराठी मंडळ होतं, पंचवीस-तीस कुटुंबांचं. पुणे, मुंबई, नाशिककडचे इंजिनियर आणि त्यांच्या बायका. त्यांचे अध्यक्ष इन्स्ट्रुमेंट खात्यात होते. शुक्रवारी दोह्याच्या नजमा बाजारात भाजी घ्यायला एकत्र जाताना ते मला गाडीत सांगायचे, "काय स्वच्छ विनोद आहे हो! कुठे अश्लील नाही, कुणाची टिंगल नाही. शिकावं आपल्या लोकांनी." मी खिडकीबाहेर बघायचो. घासलं मी, चकाकलं त्याचं नाव.

मग बातमी आली की तो स्वतः येतोय. लंडनमध्ये त्याचा कार्यक्रम बंद झाला होता. असे बंद पडलेले कलावंत तेव्हा आखातात यायचे, जसे आपल्याकडे जुने नट जत्रेत जातात. आज बहारीनचं हॉटेल, उद्या दोह्याचं, परवा एखाद्या कंपनीचा क्लब. आमच्या क्लबात इंग्रजांसाठी त्याचा गुरुवारी कार्यक्रम ठरला. आणि दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी सकाळी, आमच्या मंडळाचा दिवाळीचा मेळावा होता.

अध्यक्ष धावतच माझ्या खोलीवर आले.

"अहो, एवढा मोठा माणूस इथं वाळवंटात येतो, आणि आपण साधा सत्कार करू नये? प्रमुख पाहुणे म्हणून बोलावू. साहेबांशी बोललोय मी, तेही येतायत. शाल, श्रीफळ, फेटा, सगळं करू."

मराठी माणसाला प्रमुख पाहुण्याशिवाय फराळ पचत नाही, हे मला माहीत होतं. तरी मी म्हटलं, "तो पितो हो फार."

"इथं कुठं मिळतेय?"

"तीन लग्नं झालीयत."

"कलावंत म्हटल्यावर चालायचंच."

"मला नाही वाटत तो योग्य माणूस आहे."

"का?"

इथं मी गप्प झालो. का, हे सांगायचं तर मी काय कापतो तेही सांगावं लागणार, आणि अध्यक्षांच्या तोंडात तीळ भिजत नसे. संध्याकाळपर्यंत ते साहेबाच्या कानावर गेलं असतं. अध्यक्षांनी माझ्या गप्प बसण्याचा अर्थ स्वतःच्या सोयीनं लावला.

"खलास, ठरलं! मग पाहुण्यांचा परिचय तुम्हीच करून द्यायचा. त्यांचं काम तुमच्याइतकं कुणी पाहिलंय?"

अशा रीतीनं त्याचं जीवन आणि कार्य लिहायची पाळी माझ्यावर आली. क्लबाकडे त्याच्या एजंटनं पाठवलेलं दोन पानी माहितीपत्रक होतं, ते आणून दिलं. ते मी अजून विसरलेलो नाही. इंग्लंडच्या उत्तरेला समुद्रकाठच्या एका गावात मासळीवाल्याच्या घरी जन्म. लहानपणी चर्चमध्ये गाणं. सैन्यात सक्तीची नोकरी, तीही कपडे मोजायच्या खात्यात, पण तिथं त्यानं म्हणे अख्ख्या पलटणीला हसवलं. मग उन्हाळ्यात समुद्रावर येणाऱ्या सहलवाल्यांपुढे खेळ. मग दुसऱ्या विनोदवीरांना रेडिओसाठी विनोद लिहून देणं. इथं पत्रकात लिहिलं होतं, 'त्याच्या लेखणीनं एका पिढीला हसू दिलं.' मी ती लेखणी ओळखून होतो. तिच्यात एकूण दहा-अकरा विनोद होते आणि ती ते पाळीपाळीनं बाहेर काढायची. मग टीव्ही, पहिल्या मालिकेला अपयश. आणि मग, दुसऱ्या पानाच्या वरच्या ओळीत, ठळक अक्षरांत: दातांचा डॉक्टर. त्या डॉक्टरनंच त्याला घराघरात नेलं, लोक रस्त्यात मान हलवून त्याला नमस्कार करतात, इत्यादी.

म्हणजे शिडीवरून तो वीस वर्षं पडला तेव्हा कुणी बघितलं नाही. तोंडाला रंग लावला आणि मोठा झाला. एक क्षणभर मला त्याची कीव आली, आणि मग ती आल्याचा रागही आला.

परिचय मी इंग्रजीत लिहिला, पाहुण्याला कळावा म्हणून. मासळीवाला ठेवला, चर्च ठेवलं, पलटण ठेवली, शिडी ठेवली. डॉक्टर काढून टाकला. हाताला सवय झालीच होती.

शुक्रवारी सकाळी क्लबाच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. पुढे आमची कुटुंबं, मधोमध साहेब. खुर्च्या मांडायला आणि फेटा बांधायला मागच्या बराकीतून एका फिटरला बोलावलं होतं. साताऱ्याकडचा, पन्नाशीचा माणूस. मंडळात त्याला सभासदत्व नव्हतं, ते 'स्टाफ'लाच असायचं. पण फेटा बांधता येणारा आख्ख्या वसाहतीत तो एकच, आणि फेटाही त्याचाच होता. बाकी आम्ही महाराष्ट्राचा अभिमान बाळगणारे लोक. माझी मुलगी मागच्या खोलीत इतर मुलींबरोबर नाचाची तयारी करत होती, बायको त्यांना नऊवारी नेसवत होती. दार बंद होतं, ते मी दोनदा जाऊन पाहिलं.

पाहुणे आले. टीव्हीवर दिसायचा त्याच्या निम्म्यानं बारका, गाल लोंबलेले, डोळे झोपेला आलेले. समई लावली तेव्हा काडीचा चटका बसल्याचं नाटक केलं, मंडळी खुश. शाल घातली, नारळ दिला; नारळ कानाशी हलवून पाहिला; मंडळी पुन्हा खुश. फिटरनं दोन मिनिटांत डोक्याला फेटा बांधला, झकास, तुरा काढून. मग मी उभा राहिलो आणि परिचय वाचला. साहेब मान डोलवत होता. पाहुणे भुवया चढवून माझ्याकडे बघत होते.

ते बोलायला उठले. म्हणाले, माझ्या मित्रानं सगळं सांगितलं, पण माझ्या सर्वांत लाडक्या माणसाला विसरला. तुमच्याच देशाचा आहे तो. आज तर आयता पोशाखही मिळालाय. असं म्हणून त्यानं फेट्याला हात लावला, डोळे बारीक केले आणि मान डुगडुगवली.

मी मागच्या दाराकडे पाहिलं. बंदच होतं.

पहिली काही सेकंदं हे काय चाललंय हे कुणाला कळेना, कारण दोन वर्षांत कुणी तो तुकडा पाहिलाच नव्हता. मला वाटलं, आता कुणीतरी उठेल. अध्यक्ष उठतील. निदान खोकतील. मग पहिल्या रांगेतून हसू आलं, आणि ते अध्यक्षांचंच होतं. "मद्राशी! हुबेहूब मद्राशी!" ते शेजारच्याला म्हणाले. त्या शेजाऱ्याला तो केरळचा वाटला. मागे कुणी म्हणालं, पंजाबी आहे, फेटा बघा की. प्रत्येकाला वाटलं, हा दुसऱ्या कुणाची तरी नक्कल करतोय. नाशिकच्या एका बाई डोळे पुसत होत्या. चुकीचा दात उपटला तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. असे आपलेच दात आणि आपलेच ओठ; कुणावर चिडायचं?

खेळ संपल्यावर त्यानं वाकून नमस्कार केला. फेटा त्याला आवडला होता, तो नेऊ का, असं त्यानं अध्यक्षांना विचारलं. अध्यक्ष म्हणाले, अवश्य, मंडळातर्फे भेट. तेव्हा तो फिटर मंचावर चढला.

"पटका माझा हाय, सायेब. द्या हिकडं."

अध्यक्ष त्याला डोळ्यांनी दटावत राहिले. त्यानं पाहुण्याच्या डोक्यावरून फेटा दोन्ही हातांनी उचलला, काखेत धरला आणि हॉलबाहेर निघून गेला. खुर्च्या उचलायलाही परत आला नाही. त्या सकाळी हॉलमध्ये एकच शहाणा माणूस होता, आणि आम्ही त्याला फराळाचं ताटही वाढलं नव्हतं.

शनिवारी साहेबानं बोलावलं. टेबलावर मूळ कॅसेट होती. त्यानं ती लावून पाहिली होती. मला वाटलं ओरडेल. तो ओरडला नाही, त्याला खरोखरच कोडं पडलं होतं.

"मला यादीत दाखव," तो म्हणाला, "हे कुठे लिहिलंय?"

"कुठे नाही."

"मग का कापलंस?"

मी तोंड उघडलं. मुलगी म्हणणार होतो. पण त्याच्यासमोर तिचं नाव काढायला मला लाज वाटली, आणि मी म्हटलं, "हिंदुस्थानी लोकांना वाईट वाटेल असं वाटलं, सर."

तो हसला. "तुझे लोक काल खुर्चीवरून पडायचे बाकी होते. मी होतो तिथं. तुला तुझीच माणसं ठाऊक नाहीत." मग त्यानं माझी फाइल पुढे घेतली. माझं कॉन्ट्रॅक्ट त्याच महिन्यात संपत होतं. या वेळी सोडून देतो, म्हणाला. येत्या गुरुवारपासून कार्यक्रम अख्खा दाखवायचा, आणि पुन्हा असं झालं तर तिकीट काढायचं.

माझ्याकडे उत्तर तयार असायला हवं होतं. दोन वर्षं मनातल्या मनात त्याला आणि त्या विनोदवीराला मी किती सुनावलं होतं! प्रत्यक्षात मी "यस सर" म्हणालो आणि "थँक यू सर" म्हणालो. साहेब, अध्यक्ष, तो रंग फासलेला मासळीवाल्याचा पोरगा, सगळ्यांवर मी इथवर थुंकत आलोय. त्या रांगेत मला स्वतःला उभं करायचं राहून गेलं होतं, ते इथं करतो.

बुधवारी मी तो भाग उतरवला. चार मिनिटं आली तेव्हा दुसऱ्या मशीनच्या बटणावर बोट ठेवून बसलो. दाबलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी ड्यूटीवर जायच्या आधी बायकोला सांगितलं, हिला आज शेजारी पाठव, त्यांचा टीव्ही बिघडलाय. कॅसेट लावल्यावर मशीन आपोआप चालायचं, म्हणून मी ती सुरू करून धावत घरी आलो. मुलगी घरीच होती. टीव्हीसमोर मांडी घालून बसली होती. शेजारच्या बाई घरी नव्हत्या. बंद करायला मी पुढे झालो, तर ती म्हणाली, "नको ना बाबा, थांबा." मराठीत म्हणाली. म्हणून मी थांबलो.

डॉक्टर आला. मान डुगडुगली. चमत्कारिक इंग्रजी सुरू झालं. ती हसली नाही, रडली नाही. गुडघ्यांवर हनुवटी ठेवून बघत राहिली, एखादं गणित सुटत आल्यासारखी. दात उपटून झाला, लोक हसले, आणि तिनं माझ्याकडे वळून पाहिलं.

"म्हणजे हा होता," ती म्हणाली.

"कोण?"

"वर्गातली सगळी मला बघून हेच करतात. मान अशी अशी. हाच आवाज. रोज." आता ती इंग्रजीत बोलत होती, भराभर. पोरं दर उन्हाळ्यात सुट्टीला लंडनला जातात, तिथं घरोघरी हा लागतो. त्यांना सगळा पाठ होता, फक्त हिलाच माहीत नव्हता.

"तू कधी सांगितलं नाहीस," मी म्हटलं.

"काय सांगणार? मला वाटायचं, ते माझी नक्कल करतात. मी अशी दिसते, असं." तिनं पुन्हा टीव्हीकडे पाहिलं. "आरशासमोर उभी राहून मी मान हलू न देता बोलायची प्रॅक्टिस करायचे."

दोन वर्षं. मी तिला विचारलं नाही, किती दिवस उभी राहायचीस, कारण आकडा मला माहीत होता. पडद्यावर तो आता शिडीवर चढत होता. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही हे आधी बघितलं होतं का?"

मी म्हणालो, "नाही."